इटलीतल्या एनोतेकात वाइन चाखायची कशी: तयारीपासून बाटली निवडण्यापर्यंत

तुरिन, मिलान, बोलोन्याला शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मंडळी असोत की आठ दिवसांच्या सहलीवर आलेले पाहुणे, गल्लीतल्या वाइनच्या दुकानात, म्हणजे एनोतेकात, बहुतेकांचं एकच होतं. संध्याकाळी सातच्या गर्दीत शिरायचं, फळ्यावरचं सगळ्यात महाग नाव मागवायचं, रिकाम्या पोटी दोन ग्लास संपवायचे आणि "आंबट-कडू होती, एवढं काय त्यात" असं म्हणत बाहेर पडायचं. वाइन बहुतेक वेळा चांगलीच असते. वेळ, पोट आणि क्रम या तीन गोष्टी बिनसलेल्या असतात.

नाशिकच्या टेस्टिंग रूममध्ये माणूस समोर उभा राहून एकेक वाइन ओततो आणि काय बघायचं ते सांगतो. इथल्या साध्या एनोतेकात तसं कुणी करत नाही. विचाराल तेवढं मिळतं, म्हणून काय विचारायचं ते ठरवूनच जावं लागतं. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. इटलीत यासाठी वय १८ पूर्ण हवं.

## १. दुकान आणि वेळ

एनोतेका मुळात बाटल्या विकणारं दुकान. त्यातली बरीच ग्लासनेही वाइन देतात. फळ्यावर "मेशिता" किंवा "आल कालिचे" असं लिहिलेलं असेल, तर ग्लास मिळतो. "देगुस्तात्सिओने" लिहिलं असेल, तर तीन-चार वाइन थोड्या थोड्या ओतून देतात, आणि आपल्याला हवं आहे ते हेच. काही दुकानांत काचेमागे बाटल्या लावलेलं यंत्र असतं. काउंटरवर कार्डात पैसे भरायचे, कार्ड घालायचं आणि बटण दाबायचं. बटणं सहसा तीन मापांची असतात. दर वेळी सगळ्यात लहान मापाचंच दाबा.

वेळेची चूक सगळ्यात जास्त होते. संध्याकाळी सहा-साडेसहापासून आपेरितिवोची, म्हणजे जेवणाआधीच्या पेयाची, गर्दी सुरू होते. लोक उभ्याने गप्पा मारतात, खाण्याचे वास घुमतात आणि दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. दुपारी बरीच दुकानं बंद असतात. ती पुन्हा उघडल्यावरचा पहिला तास-दीड तास, म्हणजे साधारण साडेचार ते सहा, तुमचा. दुकानाच्या दारावरच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा.

आल्बाच्या बाजूला जाणार असाल, तर बारोलो गावाच्या फालेत्ती किल्ल्यातली आणि बार्बारेस्को गावाच्या जुन्या सान दोनातो चर्चमधली प्रादेशिक एनोतेका ही दोन्ही ठिकाणं यासाठी उत्तम. पण पहिला प्रयत्न घराजवळच्या दुकानातच करा, कारण तिथे पुन्हा जाता येतं.

इशारा: गाडी घरी ठेवा. इटलीत चालकासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे. परवाना मिळून ३ वर्षं झाली नसतील, तर ती शून्य आहे.

## २. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

आदल्या दिवशी घरी दहा मिनिटांचा एक सराव करा. एका कपात लिंबाचं पाणी घ्या, साखर-मीठ न घालता. दुसऱ्या कपात दूध-साखर न घालता दहा मिनिटं उकळलेला, गार केलेला काळा चहा घ्या. आधी लिंबू तोंडात धरा. जिभेच्या कडांना आणि जिभेखाली पाणी सुटतं. मग चहा धरा. हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडते, जीभ टाळूला अडखळते. पहिला आंबटपणा, दुसरा तुरटपणा. इटालियन रेड वाइनमध्ये दोन्ही भरपूर असतात आणि नवखा माणूस दोन्हींना मिळून "कडू" म्हणतो. हे दोन वेगळे ओळखता आले की निम्मं काम झालं.

त्याच वेळी बेसिनपाशी उभं राहून तोंडातलं पाणी ओठांचा चंबू करून एका धारेत थुंकायची सवय करा. दुकानात ते लागणार आहे.

त्या दिवशी:

- निघण्याच्या तास-दीड तास आधी व्यवस्थित जेवा. वरणभात, दहीभात, पोळी आणि कमी तिखटाची भाजी, काहीही चालेल. झणझणीत रस्सा, लोणचं, कच्चा कांदा-लसूण मात्र नको. तिखट खाल्लेल्या तोंडाला अल्कोहोल जास्त जाळतं आणि तुरटपणा दुप्पट वाटतो.
- सेंट, अत्तर, वासाचं तेल आणि वासाचं हँड क्रीम लावू नका. तुमच्याबरोबर शेजाऱ्याचाही वास बिघडतो.
- शेवटच्या तासाभरात कॉफी, पान, सुपारी, बडीशेप, पुदिन्याचं च्युइंगम नको. दातही त्याआधीच घासून घ्या.
- गडद रंगाचा शर्ट घाला. वही, पेन आणि पाण्याची बाटली बरोबर घ्या.

तपासा: नाक चोंदलंय का? चोंदलं असेल तर दुसरा दिवस ठरवा. वासाशिवाय चाखण्यात फक्त आंबट, गोड आणि तुरट एवढंच उरतं.

## ३. काउंटरवर काय बोलायचं

आत गेल्यावर आधी "बोनासेरा" म्हणा. मग एक प्रदेश, ग्लासांची संख्या आणि खर्चाची मर्यादा, या तीन गोष्टी सांगा. "वोर्रेई देगुस्तारे क्वात्रो विनी देल पिएमोंते", म्हणजे मला पिएमोंतेच्या चार वाइन चाखायच्या आहेत. पुढे "पोको, पेर फावोरे" जोडा, म्हणजे थोडी थोडीच ओततील. शिकतोय असं सरळ सांगितलंत तर बहुतेक दुकानदार खुलतात आणि उघडलेल्या बाटल्यांतली बरी कोणती ते स्वतःहून सुचवतात.

थुंकण्यासाठी भांडं मागा: "चे उना स्पुताक्किएरा?" आपल्याकडच्या पिकदाणीसारखंच ते भांडं असतं. चारचौघांत थुंकायची आपल्याला लाज वाटते, पण वाइनच्या धंद्यातली माणसं रोज तेच करतात. हिशेब बघा. प्रत्येकी ५० मिलीलिटरच्या पाच वाइन गिळल्या, तर २५० मिलीलिटर होतात, म्हणजे बाटलीचा एक तृतीयांश. चौथ्या ग्लासाला जीभ बोथट झालेली असते, आणि सगळ्यात चांगली वाइन नेमकी चौथीच असते.

बाटली कधी उघडली तेही विचारा. दोन-तीन दिवसांपूर्वीची चालते. आठवड्याची असेल, तर नम्रपणे दुसरी मागा.

## ४. क्रम लावणं

इथेच बहुतेकांचं चुकतं, म्हणून थोडं सविस्तर.

एका भेटीत एकच प्रदेश घ्या. सिसिलीची एक, व्हेनेतोची एक, तोस्कानाची एक असं घेतलं, तर फरक द्राक्षाचा, मातीचा की बनवण्याच्या पद्धतीचा, काहीच कळत नाही. मग त्या प्रदेशातल्या वाइन अशा लावा: बुडबुड्यांची आधी, मग व्हाइट, मग हलकी रेड, मग तुरट आणि जड रेड, शेवटी गोड. गोडाचा नियम बाकी सगळ्यांच्या वरचा. मोस्कातो द'आस्ती बुडबुड्यांची आणि अगदी हलकी, जेमतेम ५ टक्के अल्कोहोलची असते, म्हणून लोक ती सुरुवातीला घेतात. तिच्या साखरेनंतर येणारी प्रत्येक ड्राय, म्हणजे गोड नसलेली, वाइन आंबट ढाण लागते. ती शेवटीच.

तीन प्रदेशांचे माझ्या पसंतीचे क्रम देतो.

पिएमोंते: आल्ता लांगा (शॅम्पेनच्या पद्धतीने बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली, किमान ३० महिने ठेवलेली), मग "गावी" किंवा "रोएरो आर्नेइस" यांपैकी एक व्हाइट, मग बार्बेरा आणि नेब्बिओलो या दोन रेड, शेवटी मोस्कातो. पहिल्या भेटीसाठी मी हाच क्रम सांगेन, कारण यातल्या दोन रेडइतका स्पष्ट फरक दुसरीकडे क्वचित मिळतो.

व्हेनेतो: प्रोसेक्को, सोआवे क्लासिको, साधी वाल्पोलिचेल्ला, रिपास्सो, आमारोने. शेवटच्या तिन्ही मुख्यतः कोर्विना आणि तिच्या जोडीच्या द्राक्षांच्याच. आमारोनेसाठी ती द्राक्षं तीन-चार महिने सुकवतात, म्हणून साखर आणि पुढे अल्कोहोल वाढतं. रिपास्सोत साधी वाइन आमारोनेच्या उरलेल्या चोथ्यावर पुन्हा आंबवतात. तीच द्राक्षं पद्धतीमुळे किती बदलतात ते इथे समजतं. आमारोने आधी घेतलीत, तर वाल्पोलिचेल्ला पाण्यासारखी लागेल.

तोस्काना: वेर्नाच्चा दि सान जिमिन्यानो, किआंती क्लासिको, तिचीच रिझेर्वा, मग ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो. किआंती क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोवेसे लागते, ब्रुनेल्लोत पूर्ण १०० टक्के. हे द्राक्ष आपल्याकडेही आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या मळ्यांत सांजोवेसे लावलेली आहे आणि त्यांच्या सेत्ते या वाइनमध्ये ती काबेर्ने सोव्हिन्योंबरोबर असते. ती प्यायलेल्यांना तोस्कानाच्या रांगेत ओळखीची खूण सापडेल.

इशारा: प्रोसेक्कोवर "एक्स्ट्रा ड्राय" दिसलं म्हणून ती कमी गोड समजू नका. "ब्रूत"मध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपर्यंत साखर असते, "एक्स्ट्रा ड्राय"मध्ये १२ ते १७ आणि नुसत्या "ड्राय"मध्ये १७ ते ३२. गोड नको असेल तर ब्रूत मागा.

तपासा: ग्लासला हात लावून बघा. बुडबुड्यांची ६ ते ८ अंश, व्हाइट ८ ते १२, बार्बेरासारखी रेड १५-१६ आणि जड रेड १६ ते १८ अंशांवर हवी. ऑगस्टमध्ये कपाटातली रेड २८ अंशांची असते आणि नाकात नुसतं अल्कोहोल शिरतं. बाटली दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवायला सांगण्यात संकोच कसला? व्हाइट उलट फारच गार असेल आणि वास येत नसेल, तर ग्लास दोन्ही तळव्यांत धरून दोन मिनिटं थांबा.

## ५. एक ग्लास, पाच मिनिटं

बघा. ग्लास दांडीला धरून पांढऱ्या कागदावर तिरका करा. रंग किती गडद आणि कडेला कसा, एवढंच लिहा. काचेवरून ओघळणाऱ्या धारांवरून दर्जा ठरवणारे पुष्कळ भेटतील. त्या धारा अल्कोहोल आणि साखर किती ते थोडंफार सांगतात, दर्जाबद्दल काहीच सांगत नाहीत. जुन्या रेडच्या तळाशी गाळ दिसला तर घाबरू नका, तो निरुपद्रवी असतो.

हुंगा, न हलवता. हा वास आधी घ्यायचा, कारण बिघाड इथेच सापडतो. बुचाचा दोष असेल, तर पावसाळ्यात ओल धरलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि फळाचा वास दबून जातो. "सा दि ताप्पो" म्हणत ग्लास दुकानदारापुढे करा. तो स्वतः हुंगून बघेल आणि दोष असेल तर बाटली बदलेल. यात भांडणाचं काही नाही. व्हिनेगरचा किंवा कापून काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास आला, तर बाटली फार दिवस उघडी राहिली असावी.

हुंगा, हलवून. ग्लासचा तळ टेबलावरच ठेवून तीन-चार वेळा गोल फिरवा. हवेत फिरवायला गेलात की शेजाऱ्याच्या कपड्यांवर जाते. छोटे छोटे दोन-तीन श्वास घ्या. वासाचे शब्द आपल्या स्वयंपाकघरातून आणि अंगणातून घ्या: जांभूळ, करवंद, आमसूल, संत्र्याची साल, मध, जायफळ, दालचिनी, सुकलेला गुलाब, ओली माती. कधी न खाल्लेल्या युरोपीय फळांची नावं पाठ करून लिहिण्यात अर्थ नाही, पुढच्या वेळी ती तुम्हालाच आठवणार नाहीत. नाक थकलं, तर स्वतःच्या बाहीचा वास घ्या आणि दोन मिनिटं थांबा.

चाखा. दोन-तीन चमचे वाइन तोंडात घ्या, सगळीकडे फिरवा. ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, आवाज झाला तरी चालेल. क्रमाने विचारा: गोड आहे का? किती पाणी सुटलं? हिरड्या किती कोरड्या झाल्या? घशाशी ऊब किती? मग थुंका आणि मनात आकडे मोजा. चव पाच-सहा आकड्यांत विरली तर साधी, पंधराच्या पुढे टिकली तर चांगली. थुंकल्यावर मान थोडी खाली केली की आंबटपणा आणखी कळतो: लाळ जितक्या वेगाने जमते, तितका तो जास्त.

लिहा. ग्लासमागे दोन ओळी पुरतात, पण पुढचा ग्लास उचलण्याआधी लिहा. शेवटी आठवून लिहिलेल्या नोंदींमध्ये सगळ्या वाइन सारख्याच निघतात.

## ६. दोन ग्लास शेजारी

एकटी वाइन चाखून मत बनवणं मला पटत नाही. आवडली किंवा नाही, यापलीकडे त्यातून काही हाती लागत नाही. दोन शेजारी ठेवल्या की जीभ आपोआप तुलना करते. पिएमोंतेच्या रांगेतले बार्बेरा आणि नेब्बिओलो हे दोन ग्लास एकाच वेळी ओतून घ्या.

आधी रंग बघा. बार्बेरा गडद जांभळट, कागद आरपार दिसत नाही. नेब्बिओलो फिकट, तांबूस, कडेला विटकरी आणि पलीकडची अक्षरं वाचता येतात. कोणती जड असेल? जवळजवळ प्रत्येक जण बार्बेराकडे बोट दाखवतो.

आता चाखा. बार्बेराने तोंडाला पाणी सुटतं, जांभळाचा रस जिभेवर पसरतो आणि हिरड्यांना जेमतेम काही जाणवतं. मग एक घोट पाणी, आणि नेब्बिओलो. वास नाजूक, सुकलेल्या गुलाबाचा, त्यामागे किंचित डांबराचा. तोंडात मात्र काही सेकंदांत वरचा ओठ दातांना चिकटतो. तोच आदल्या दिवशीचा काळा चहा. पुन्हा बार्बेराकडे जा, ती आता आणखी आंबट लागेल. असं दोनदा उलटसुलट करा. रंगावरून ताकद ठरवायची सवय इथे सुटते.

नेब्बिओलोसाठी सुरुवातीलाच बारोलो मागवू नका. बारोलो नेब्बिओलोचीच असते, पण ती किमान ३८ महिने ठेवल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले १८ महिने लाकडात. लांगे नेब्बिओलो बरीच स्वस्त मिळते आणि द्राक्षाची ओळख तीच करून देते. ती आवडली, तर पुढच्या भेटीत दोन्ही शेजारी ठेवा.

## ७. मधलं खाणं

पहिली फेरी नुसत्या वाइनवर करा, तोंड साफ करायला पाणी आणि बिनमिठाचा ब्रेड. खाणं दुसऱ्या फेरीत. तेव्हा त्याच नेब्बिओलोबरोबर चीजचा तुकडा खाऊन बघा, हिरड्यांवरची पकड ढिली होते.

शाकाहारी वाचकांनी आधीच "सोनो वेजेतारियानो" किंवा "वेजेतारियाना" असं सांगावं, कारण समोर येणाऱ्या पाटावर डुकराचं प्रोश्युत्तो, गाईच्या मांसाची ब्रेझाओला हे सर्रास असतं. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेल्या दूध गोठवणाऱ्या पदार्थाने, बनतं, हेही लक्षात असू द्या. वाइन गाळून नितळ करण्यासाठी कधी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसिन, जिलेटिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात. हे नको असेल तर "वेगानो" असं लिहिलेली बाटली मागा, अशा बऱ्याच मिळतात.

## ८. बाटली निवडणं

दोन ओळींच्या नोंदी वाचा आणि एकच बाटली घ्या. लेबलवर हे बघा:

- डीओसीजी, डीओसी, आयजीटी या इटलीतल्या वाइनच्या सरकारी वर्गवाऱ्या: कुठल्या भागातली, कुठल्या द्राक्षांची आणि कुठल्या नियमांनी केली ते यावरून कळतं. डीओसीजीच्या बाटलीच्या गळ्याशी क्रमांकाची सरकारी पट्टी असते. चवीची हमी यातल्या कशानेच मिळत नाही. चांगल्या उत्पादकाची आयजीटी कित्येकदा सुमार डीओसीजीपेक्षा सरस निघते.
- क्लासिको म्हणजे त्या भागाचा जुना, मूळ पट्टा. रिझेर्वा म्हणजे जास्त काळ ठेवलेली. किआंती क्लासिकोच्या गळ्याशी काळा कोंबडा असतो. नुसत्या किआंतीवर तो नसतो.
- मोंतेपुल्चानोचा घोळ: मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो ही मोंतेपुल्चानो नावाच्या द्राक्षाची. विनो नोबिले दि मोंतेपुल्चानो ही त्या नावाच्या तोस्कानातल्या गावाची, मुख्यतः सांजोवेसेची. एक आवडली म्हणून दुसरी उचलू नका.
- सेक्को, आमाबिले, दोल्चे: ड्राय, थोडी गोड, गोड. लाम्ब्रुस्को घेताना हा शब्द हमखास वाचा, ती तिन्ही प्रकारांत मिळते.

इशारा: थुंकायचा कंटाळा करून सगळे ग्लास गिळले असतील, तर त्या दिवशी खरेदी करू नका. नोंदी घरी न्या, दुसऱ्या दिवशी येऊन घ्या.

भारतात न्यायची असेल, तर एका प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय नेता येतं. म्हणजे ७५० मिलीलिटरच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी घेतली की मर्यादा ओलांडते. बाटल्या चेक-इन बॅगेत मधोमध, चारी बाजूंनी कपडे गुंडाळून ठेवा. पोहोचल्यावर आठवडाभर तरी उघडू नका. मे महिन्यात घरातलं कपाट ३५ अंशांवर जात असेल, तर बाटली सरळ फ्रीजमध्ये आडवी ठेवा. रेड असेल तर प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.